राणीचं नाक

युवराजनं घरातली मोहर विकायची ठरवली ती मोबाईलवरचा एक व्हिडिओ बघून. इंग्रजांच्या काळातल्या, राणीचं डोकं छापलेल्या सोन्याच्या मोहरेला म्हणे सत्तरपैकी मार्क देतात. साल दुर्मिळ आणि मार्क चांगले, तर सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट मिळतात. (पॉलिटेक्निकात त्याला स्वतःला सत्तरपैकी नऊ पडले होते, म्हणून तर कॉलेज सुटलं.) मोहर चांगली गेली तर भवानी पेठेत मोबाईल रिपेअरीचं दुकान. नाही गेली तर सोमवारपासून चिंचोळी एमआयडीसीत, चुलत्याच्या हाताखाली. चुलत्याचं तोंड बघण्यापेक्षा मेलेलं बरं.

त्यानं घरात हुकूम सोडला. मोहरेला चिंच लावायची नाही, रांगोळीनं घासायची नाही, हातसुद्धा लावायचा नाही. तो स्वतःही ती डबीतनं बाहेर काढत नव्हता. मोठ्या माणसांवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. हे लोक टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक घालतात आणि लग्नाचा अल्बम उंदरांना देतात.

रविवारी नाणी पारखणारे मल्लिनाथकाका घरी आले. भिंगातून त्यांनी मागची बाजू बघितली. हे साल उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा बघतोय, म्हणाले. युवराजला दुकानाची पाटी दिसायला लागली. मग काकांनी मोहर उलटी केली. भिंग पुसलं. परत बघितलं.

"राणी कुटाय?"

राणी नव्हतीच. नाक नाही, डोळा नाही, मुकुट नाही. सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत सोनं. सत्तरपैकी तीन, काका म्हणाले, सोन्याच्या भावानंच जाईल. ते पण वजन भरलं तर.

युवराज पेटला. आई, तानाबाई, शांतपणे सांगायला लागली, की तान्ह्या बाळाला सहाणेवर सोनं उगाळून मधातनं चाटवतात, अक्कल येती. घरात सोनं म्हणजे ही एक मोहर.

"मग एकच बाजू कशाला घासली?"

"राणीचं डोस्कं त्याच बाजूला हाय न्हवं. डोस्कं उगाळल्याबिगर डोस्कं कसं यील?"

मग युवराजनं लाज सोडली. अडाणी म्हणाला, खुळचट म्हणाला, तुमच्यासारख्यांच्या पोटी जन्माला आलो हीच चूक झाली म्हणाला. चहाची बशी खाली आपटली. काका भिंग खिशात घालून दाराकडं बघायला लागले.

"आणि ज्या गाढवासाठी एवढी राणी उगाळली," तो बापावर ओरडला, "त्याला तरी आली का अक्कल, अण्णा?"

तानाबाईनं पदर तोंडाला लावला. बापानं, बिरप्पानं, तंबाखू मळली, चुना झटकला, चिमूट दाढेत धरली.

"आमी अजून वाट बघालोय की."