टिकल्या लावलेली बातमी

नोटीस इंग्रजीत होती, म्हणून ईश्वरला घाम फुटला. त्याच्या आईला, अनसाबाईंना, काही फुटलं नाही.

"आये, वकिलाची हाय. तू त्यांची बातमी उचलून ब्लॉगवर टाकली म्हणत्यात. सात दिसांत काढली न्हाई तर अख्खा ब्लॉगच बंद पाडणार!"

"उचलायला ती काय त्यांच्या परसातली कोंबडी हाय व्हय? वढा आमचा, बंधारा आमचा, आन् बातमी तेवढी त्यांची?"

अनसाबाई बोलायच्या, सून सारिका मोबाईलवर टाइप करायची आणि मांडवगण फराट्यापासून पार केडगाव-वरवंडपर्यंतची माणसं वाचायची. पुण्याच्या एका वृत्तसंस्थेनं छापलं होतं, की ओढ्यावरच्या बंधाऱ्याला पाणी अडवायचे लोखंडी ढापे बसले. प्रत्यक्षात एक ढापा नव्हता. पाणी निवांत खाली चाललं होतं. अनसाबाईंनी ती बातमी जशीच्या तशी टाकून खाली लिहवलं होतं, 'लिहिणाऱ्यानं एकदा पाय भिजवून जावं.' आता ब्लॉगच बंद पडला, तर बंधाऱ्याच्या इंजिनियर साहेबाला हलवणार कोण?

त्यांनी थेट वकिलालाच फोन लावला.

"आजीबाई, एखाद-दुसरं वाक्य घ्या," वकील म्हणाला. "पण आमचं नाव टाका, आणि जिथे आमचे शब्द, तिथे अवतरणचिन्हं द्या."

"आवतरण म्हंजी काय गं?" फोन ठेवून त्यांनी सुनेला विचारलं.

"शब्दाच्या दोन्ही अंगांना टिकल्या देत्यात, आत्याबाई."

"मंग दे की! एक बी शब्द उघडा ठिवू नगंस."

"परत्येक शब्दाला?"

"शब्द त्यांचाच हाय न्हवं? नटव चांगला!"

सारिकानं नटवला. दुपारपर्यंत शिरूर-दौंडच्या मोबाईलवर एकच ओळ फिरत होती: "बंधाऱ्याचे" "काम" "पूर्ण" "झाले", "साहेबांनी" "समक्ष" "पाहणी" "केली".

लोक हसून आडवे झाले. इंजिनियरच्या कचेरीतला शिपाईसुद्धा 'साहेब' म्हणताना मध्येच अडखळून तोंड फिरवायला लागला.

संध्याकाळी वकिलाचाच फोन आला. "आजीबाई, ती चिन्हं काढा हो! आमची बातमी खोटी वाटायला लागलीय."

"तुमीच द्या म्हनला न्हवं?"

"चुकलो. सगळी बातमी घ्या, नाव नको, परवानगी नको. चिन्हं तेवढी काढा!"

"वकीलसायेब, शब्द तुमचं. टिकल्या आमच्या हायेत. आमच्या मालाला हात लावायचा तर रीतसर अर्ज करा."

ईश्वर कानाशी पुटपुटला, "आये, मिटव की आता."

"तू गप! आधी ढापं बसवा म्हनावं. मंग टिकल्यांचं बघू."

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरून ढापे आले. वृत्तसंस्थेचा बातमीदार आणि साहेब, दोघंही पँटी दुमडून गुडघाभर पाण्यात उभे. ढापे बसले, पाणी तुंबायला लागलं.

"झालं ना समाधान, आजी?" साहेब घाम पुसत म्हणाले. "आता तरी काढा."

अनसाबाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बंधारा डोळ्यांखालून घातला. मग सुनेकडं वळल्या.

"सारिका, 'काम'वरच्या काढ. 'पूर्ण'वरच्या ऱ्हाऊ दे. कडंचा ढापा गळतोय."