न धावणाऱ्या बाइकची उलटतपासणी

दादाचं स्वतःबद्दलचं मत तसं नेमस्त होतं. जगात तपास करणारे दोनच प्रकारचे, असं तो म्हणायचा: एक तो स्वतः, आणि दुसरे पगार घेऊन चुकणारे. बसडेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीत त्याने तीस वर्षं काढली होती, आणि छत्रीच्या मुठीवरून मी माणसाचा धंदा, स्वभाव आणि सासुरवाडी सांगतो, असा त्याचा दावा होता. त्या छत्र्या बहुतेक अजून डेपोतच आहेत.

त्याचा मदतनीस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. धाकटा शिंपी होता आणि दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, त्यामुळे दादाने हाक मारली की सुटका नसे. त्या सकाळी तो एका कोटाची बाही उसवत बसला होता, तेवढ्यात त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

“बाइक चालत नाहीये,” ती म्हणाली.

ती घरोघरी जाणारी नर्स. पंधरा दिवसांपूर्वी एका गायनमास्तरांकडून तिने जुनी इलेक्ट्रिक बाइक घेतली होती. काल संध्याकाळपर्यंत ती गुणी बाळासारखी धावत होती. आज पडद्यावर आकडे उमटत होते, हॉर्न वाजत होता, पण मूठ कितीही पिळली तरी चाक ढिम्म. आणि चढावरचे निवृत्त मुख्याध्यापक इन्शुलिनसाठी खोळंबले होते. त्यांचे हात थरथरायचे म्हणून सुई तिनेच टोचायची, आणि सुई टोचल्याशिवाय नाश्ता नाही. पायी जायचं तर पाऊण तास.

“कुणी कशाला हात लावू नका,” दादा आतून म्हणाला, आणि भिंग घेऊन बाहेर आला.

त्याने बाइकभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. मग सीट उचलली. खाली वायरींचा गुंता होता.

“उंदीर,” दादा म्हणाला. “लिही.”

धाकट्याने वहीत उंदीर लिहिला. “पण दादा, एकही वायर कुरतडलेली दिसत नाही.”

“म्हणजे उंदीर अनुभवी आहे.”

बायकोचा फोन वाजला. मुख्याध्यापक होते. “नऊ वाजून दहा मिनिटं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दादाने शेजाऱ्यांकडून बॅटरी तपासायचा मीटर मागवला, त्याची टोकं बाइकच्या बॅटरीला लावली. काटा हलला नाही. “बॅटरी मेली,” त्याने गंभीरपणे जाहीर केलं. मग खात्रीसाठी घरातल्या घड्याळाची, टॉर्चची आणि टीव्हीच्या रिमोटची बॅटरी तपासली. सगळ्या मेलेल्या निघाल्या.

“सामूहिक घातपात,” दादा पुटपुटला.

“भावजी, मीटर बंद आहे,” बायको म्हणाली.

मीटर चालू केल्यावर सगळं घर पुन्हा जिवंत झालं. दादाने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याने प्रत्येक जोड सोडवला, फुंकर मारली आणि पुन्हा बसवला. बाइक जागची हलली नाही.

“आता चित्र स्पष्ट आहे,” तो म्हणाला. “लाल, पिवळी, काळी, पुन्हा लाल. हे सूर आहेत. मास्तरांना बाइक विकायची नव्हती. त्यांनी वायरींत एक राग बांधून ठेवलाय. तो गायल्याशिवाय ती हलणार नाही.”

“कुठला राग?” धाकट्याने विचारलं.

“तो आत्ता मुख्याध्यापकांना आलाय,” बायको म्हणाली, कारण फोन पुन्हा वाजत होता. या वेळी ते वेळ सांगत नव्हते. “जरा गरगरतंय,” एवढंच म्हणाले. तिचा चेहरा उतरला. तिने पिशवी खांद्याला अडकवली. “मी पायीच निघते.”

दादाने ते पाहिलं आणि त्याला फार लागलं. “दोन मिनिटं,” तो म्हणाला. “ही पिवळी वायर कापतो. धाकट्या, कात्री.”

धाकट्याने कात्री पाठीमागे लपवली.

“माफ करा,” मागून आवाज आला. सायकलवर एक पाय टेकून पोस्टमन उभा होता. “तुमचं निघायचं ठरलंय की थांबायचं? गल्ली अरुंद आहे, आणि मी पाच मिनिटं तुमचा मागचा लाल दिवा बघत थांबलोय. ब्रेक का धरलाय?”

“ब्रेक कुणीच धरलेला नाही,” दादा तुसडेपणाने म्हणाला.

बायको मात्र हँडलपाशी आली. तिथे मोबाइल ठेवायचा नवाकोरा चिमटा घट्ट आवळलेला होता, आणि ब्रेकचा दांडा त्याच्या कडेला अडकून किंचित दाबलेलाच राहिला होता. ब्रेक दाबलेला असेल तर मोटर फिरत नाही, एवढंच. तिने चिमटा बोटभर सरकवला. लाल दिवा विझला. मूठ पिळली, आणि बाइक निमूटपणे पुढे झाली.

पोस्टमन वाट मिळताच निघून गेला.

“मला संशय होताच,” दादा म्हणाला. “लिही. गुन्हेगार: चिमटा. बसवणारा: मास्तर.”

चिमटा काल रात्री जेवणाआधी धाकट्याने बसवला होता. बायकोला रस्ता बघायला सोपं जावं म्हणून, तिला न सांगता. त्याने वहीत स्वच्छ अक्षरात ‘मास्तर’ असं लिहिलं आणि मान वर केली नाही.

बायकोने चिमट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली, “संध्याकाळी बोलू,” आणि चढाच्या दिशेने गेली.

“काय बोलायचं असेल तिला?” दादाने विचारलं.

“काही सुगावा लागत नाही,” धाकटा म्हणाला, आणि बाही उसवायला बसला.