झनकलालभाऊंचा हेला

पाणी दिसलं की माणसं धोतर वर करतात, चपला हातात घेतात, निदान क्षणभर विचार तरी करतात. आमचे झनकलालभाऊ ॲक्सिलरेटर दाबतात. नाला असो, शेताच्या डोक्यावरची बोडी म्हणजे लहान तळं असो, धानाच्या बांधीत साचलेलं पाणी असो, की सरपंचाच्या दारात फुटलेला नळ असो, त्यांची गाडी त्यात शिरल्याशिवाय पुढे गेलेली मी पाहिली नाही. शिरताना एकच वाक्य: "पाणीच त हाये, आग थोडी हाये." मग दोन-चार हात गेल्यावर गाडी एकदा ढेकर देते, एकदा शिंकते आणि बसते. झनकलालभाऊ तिच्यावर तसेच बसून राहतात, एखाद्या राजाचा हत्ती दमावा आणि राजाने त्याला दोष देऊ नये तसे.

ही गाडी म्हणजे चार जाड टायरांची फटफटी. छप्पर नाही, दार नाही, घोड्यावर बसावं तसं पाय टाकून बसायचं आणि उजव्या अंगठ्याने खटका दाबला की पळते. कंपनीच्या भाषेत एटीव्ही. डोंगर, चिखल, वाळू कुठेही चालते म्हणतात. आमच्या गावात तिचं नाव हेला. हेला म्हणजे आमच्याकडचा रेडा. अंगाने तसाच, रंगाने तसाच, आणि पाणी दिसलं की बसण्याची खोडही तीच. बारसं कोणी केलं ते सांगत नाही, पण माझं किराणा दुकान भाऊंच्या घराला लागून आहे, आणि गावातली निम्मी नावं माझ्याच ओट्यावर ठेवली जातात.

हेला आला तोही गमतीनेच. नागझिऱ्याकडे कुणाचं तरी एक रिसॉर्ट बंद पडलं आणि सामान विकायला निघालं. भाऊ आमगाववरून ट्रॅक्टर घेऊन गेले ते पाण्याची टाकी आणायला. परत आले तेव्हा ट्रॉलीत हेला उभा, आणि भाऊ ड्रायव्हरशेजारी नाहीत, हेल्यावर, हात उंचावून. सारं गाव गोळा झालं. आमच्या फुलवंतावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, एकदा चारही बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाण्याची टाकी आणाले गेलते, पाण्यात बसनारी आणली." तेव्हा गाडी एकदाही पाण्यात गेली नव्हती. वहिनींना भविष्य दिसतं असं मी तेव्हापासून मानतो.

आता भाऊंचं चालवणं. सकाळी हेला थंड असतो. शहाणा माणूस इंजिन जरा गरम होऊ देतो. भाऊ बसल्या बसल्या अंगठा शेवटापर्यंत दाबतात, आणि तो आवाज ऐकून आमच्या चिंचेवरचे कावळे जे उडतात ते थेट छत्तीसगडात उतरतात. त्यांची पुढची पिढी तिकडचीच बोली बोलते असं ऐकून आहे. एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्याने ॲक्सिलरेटर, दोन्ही एकाच वेळी. का, तर "गाडी ताब्यात राह्यते." चिखलात गाडी हळू काढायला एक वेगळा गिअर असतो. त्याला भाऊ म्हाताऱ्याचा गिअर म्हणतात आणि हात लावत नाहीत. पाण्यात तर इतक्या जोराने शिरतात की पुढे भिंतीएवढी लाट उठते. एकदा त्या लाटेतून एक वाम मासा उडून माझ्या सुपात पडला. मी तांदूळ पाखडत होतो. खोटं वाटत असेल तर वहिनींना विचारा, रस्सा त्यांनीच केला होता.

अशा माणसाच्या हाताखाली लोखंडाचं काय होणार. महिन्यातून एकदा तरी हेला ट्रॅक्टरमागे दोराने बांधून आमगावला जायचा. आणि इथे एक अडचण होती. साऱ्या पंचक्रोशीत हेल्याचं पोट उघडता येणारा मेकॅनिक एकच, टेकचंद. आणि टेकचंद म्हणजे भाऊंचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याच्याशी ते बोलत नव्हते.

भांडण शेतीचं नाही, घराचं नाही. नाटकाचं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि नाटकं होतात. त्या वर्षी झनकलालभाऊ राजा होते आणि टेकचंद फितूर सेनापती. राजाने सेनापतीला मारायचं, सेनापतीने मरायचं, पडदा. टेकचंद असा काही मेला की पब्लिकने शिट्ट्या मारून मांडव डोक्यावर घेतला. पुन्हा, पुन्हा म्हणून ओरड झाली. टेकचंद उठला आणि पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मरताना त्याने एक गाणंही म्हटलं. राजा तलवार धरून उभा, त्याचं भाषण राहिलेलं, कोणी ऐकेना. शेवटी राजा नाटकाची भाषा सोडून घरच्या भाषेत कडाडला, "मरत असशीन त मर, नाई त निघ येथून." त्या वाक्याला जेवढा हशा झाला तेवढा साऱ्या नाटकाला झाला नव्हता. टेकचंदने तोंडाचा रंग पुसला, मांडवाच्या मागून निघाला आणि आमगावला रेल्वे फाटकाजवळ गॅरेज टाकून बसला. घरात आई-बाप नाहीत, भाऊंना मूलबाळ नाही. टेकचंदची बायको पुढे वारली, लेक रायपूरला दिली. रक्ताचं म्हणावं तर हे दोघेच एकमेकांना उरले, आणि दोघांत शब्द नाही. हेला बिघडला नसता तर ते एकमेकांची तोंडंही विसरले असते.

पण हेला बिघडायचा. आणि मग दोघांच्या मध्ये टेलिफोन लागायचा. तो टेलिफोन मी.

गॅरेजात गाडीच्या या अंगाला भाऊ, त्या अंगाला टेकचंद, मध्ये मी स्टुलावर. टेकचंद खालचा बोल्ट काढायचा आणि इंजिनातून तेलाऐवजी चहा निघायचा, तेलात पाणी मिसळलं की होतो तो, दूध जास्त घातलेला. तो चहा मला दाखवून टेकचंद म्हणायचा, "सेठ, मालकाले सांगा, पाणी पायदानाच्या वर आलं का थांबाचं. याचं नाक सीटच्या खाली हाये. नाकात पाणी गेलं का इंजिनच्या पोटात जाते."

मी मान वळवायच्या आत उत्तर यायचं. "सेठ, मेकॅनिकले सांगा, मी पुढे पाहून चालवतो. पायदान खाली हाये."

"सांगा का बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर कायले मारता? आतला दांडा वाकून राह्यला."

"सांगा का दांडा त्याचा नाई, माहा हाये."

असं तासन्तास. टेकचंद प्लग काढून पाणी उडवायचा, तेल घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा, पट्टा पुसायचा, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरायचा. भाऊ जागचे हलायचे नाहीत. मधेच ते पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवायचे. "वहिनीनं जास्तीचा बांधला, कुत्र्याले टाकणार होतो," असं ते भिंतीला सांगायचे. डब्यात लाखोरीची डाळ, भात, झिंग्यांची चटणी. टेकचंद डबा चाटूनपुसून खायचा आणि मला म्हणायचा, "सेठ, मालकाले सांगा, मीठ कमी हाये." त्यावर भाऊ घरी जाऊन वहिनींना रागे भरायचे आणि पुढच्या वेळी मीठ बरोबर असायचं.

मला वाटायचं, हा माणूस जन्माचा अडाणी ड्रायव्हर. तसं मी गावभर सांगितलंही.

मग मागच्या पावसाळ्यात टेकचंदला नातू झाला आणि तो आठवडाभर रायपूरला गेला. नेमकी तेव्हाच मला आमगावहून गाडी पकडायची होती, मेव्हणीच्या घरचं लग्न. गावाबाहेरच्या नाल्याला पाणी होतं. ओढ नव्हती, पण माझी स्कूटर गेली असती तर थेट मेव्हणीच्या घरी वाहतच गेली असती. भाऊ म्हणाले, बसा. मी नवी सुटकेस डोक्यावर घेतली, घरच्यांचा निरोप घेतला आणि हेल्यावर बसलो.

त्या दिवशी हेल्याने कावळे उडवले नाहीत. भाऊंनी इंजिन चालू करून विडीभर वेळ तसंच राहू दिलं. नाल्यापाशी आलो तर उतरले. बांबू घेतला, आत शिरले, खालचा तळ टोचून पाहत पलीकडे जाऊन आले. सरळ जायचं सोडून जरा वरच्या अंगाला, जिथे तळाशी मुरूम होता, तिथे हेला लावला. मग म्हाताऱ्याचा गिअर टाकला. अंगठा एकदा जिथे ठेवला तिथून हलवला नाही, ना कमी ना जास्त. नवरी मांडवात यावी तसा हेला पाण्यातून गेला. पाणी पायदानाला लागलं आणि तिथेच राहिलं. पलीकडे गेल्यावर भाऊंनी हळूहळू दोन-चारदा ब्रेक दाबले, चाकं कोरडी केली, आणि मागे वळून विचारलं, "सुटकेस भिजली का?"

माझी वाचा बसली होती, आणि माझी वाचा बसणं ही आमच्या गावात बातमी असते. मी म्हटलं, "भाऊ, तुमाले चालवता येते?"

भाऊ पुढे पाहत होते. "टेकचंद गावाले नाई," ते म्हणाले. "बिघडली असती त कोनापाशी नेली असती?"

मला सारं एकदम कळलं. ते कळल्याचं मी दाखवलं नाही. आमगावपर्यंत आम्ही धानाला यंदा किती फुटवे आले यावर बोललो. गावात मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. माझ्या आयुष्यात एवढं ओझं मी कधी उचललेलं नाही.

टेकचंद परत आला तो बदलून. लेक-जावई म्हणतात इकडेच या, एकटे काय करता. नातवाने बोट धरून सोडलं नाही म्हणे. धान कापून झालं की गॅरेज आवरून जायचं असं त्याने ठरवलं आणि पाने, जॅक विकायलाही काढले. ही बातमी माझ्याच दुकानात आली, भाऊ साखर घेत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाऊ दे न. मले का करायचं हाये." आणि साखर ओट्यावरच विसरून गेले.

दुपारी पोरं ओरडत आली की हेला बोडीत गेला. नाला नाही, बांधी नाही, बोडी. मी धावलो. मधोमध जिथे म्हशीही जात नाहीत तिथे हेला बुडालेला, फक्त हँडल वर. त्या हँडलवर एक बगळा. आणि भाऊ सीटवर बसलेले, पाणी छातीशी. मी काठावरून म्हटलं, ट्रॅक्टर लावू का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग मी स्कूटर काढली आणि आमगावचा रस्ता धरला.

टेकचंद आला. नाटकापासून त्याने गावात पाय ठेवला नव्हता. सारं गाव बोडीच्या पाळीवर जमलं होतं, पण त्याने कोणाकडे पाहिलं नाही. नुसता ओढला तर पुढचा एक्सल उपटेल, आधी खाली काय अडकलं ते पाहावं लागेल, असं मला सांगून तो पाण्यात उतरला. टेलिफोन म्हणून मलाही उतरावं लागलं. पाणी असं गार की माझी दाढ जागच्या जागी हलली.

"सेठ, मालकाले सांगा, मी जाऊन राह्यलो रायपूरले," टेकचंद म्हणाला. "आता दुसरा मेकॅनिक पाहा म्हना."

मी भाऊंकडे वळलो. भाऊ फक्त सीटवरून उतरून बाजूला झाले.

टेकचंदने पाण्यात हात घालून सीट काढली आणि खाली चाचपलं. मग थांबला. हेल्याच्या नाकाशी, जिथून तो हवा ओढतो तिथे, भाऊंचा दुपट्टा कोंबलेला होता. त्यावर युरियाच्या पोत्यातलं प्लास्टिक, आणि त्यावर दोरीचे गच्च फेरे, भारा बांधावा तसे. मागचं धुराचं नळकांडंही तसंच बुजवलेलं. चावी बंद होती. म्हणजे इंजिन आधी बंद केलं, नाक-तोंड बांधलं आणि मग पाळीवरून उतारावर ढकलून वर बसून आत आणला. बुडवायचा होता, मारायचा नव्हता. इंजिनात पाण्याचा थेंब गेला असेल तर शपथ.

टेकचंदने ती दोरी बोटांनी कितीतरी वेळ चाचपली. भाऊ बगळ्याकडे पाहत होते. मग टेकचंदने सीट जागेवर बसवली, दाबली, आणि सवयीने माझ्याकडे वळला. पण मला ओलांडून तो पलीकडे बोलला.

"दादा, लय काम निघलं. पुरं इंजिन खोलाव लागल. दोन-तीन महिने त कुठीच नाई गेले."

भाऊंनी घसा साफ केला. "मले घाई नाई."

"लेक वाट पाहून राह्यली."

"तिलेच बोलव न इकडं," भाऊ म्हणाले. "पोरगा धरून आन म्हना. वहिनी त कवाची म्हनून राह्यली."

टेकचंदने पाण्याखाली पाय टाकून चाकाभोवतीचा गाळ चाचपायला सुरुवात केली. भाऊ दुसऱ्या चाकापाशी गेले. इकडं कमी हाये, तिकडं जास्त हाये, असं काहीबाही दोघांचं चाललं होतं. बाहेर यायची घाई दोघांपैकी कोणालाच दिसत नव्हती. मी एकटाच काठावर आलो आणि पायजमा पिळत बसलो.