पंखा पाचवर

नाटककार आपल्या पानांवर आकडे घालत नसे. "आयुष्याला कुठे पान नंबर असतात?" असे तो म्हणे. त्यावर बायको म्हणे, "नसतात, म्हणूनच तुमचा चष्मा रोज हरवतो."

त्या सकाळी नव्या नाटकाची पाने टेबलावर ठेवून तो आंघोळीला गेला. पंखा चालूच राहिला. परत येतो तो पानांचा चौकोनी गठ्ठा, भोक पाडून लाल दोरीने बांधलेला.

"घरभर उडाली होती," बायको म्हणाली. "वाचून नीट लावली." कचेरीच्या दफ्तरखान्यात तीस वर्षे फायली लावून ती निवृत्त झाली होती.

नाटककाराने गठ्ठा तसाच दिग्दर्शकाकडे पोचवला. लिहिलेले तो पुन्हा वाचत नसे. वाचले तर आवडणार नाही, ही धास्ती.

चौथ्या दिवशी दिग्दर्शकाने तालमीच्या खोलीवर बोलावले. कोपऱ्यात नटी नाक पुसत बसली होती.

"काय लिहिलंय हे तुम्ही?"

"का? कळत नाही ना?" नाटककाराने आशेने विचारले.

"सगळं कळतंय. तोच तर घोळ आहे. पहिल्या अंकात बाप खुर्चीत बसतो, दुसऱ्यात मरतो, तिसऱ्यात मुलगी रिकाम्या खुर्चीशी बोलते. यात न कळण्यासारखं काय राहिलं?"

"अहो, मुलगी आधी बोलते. बाप शेवटी येतो, छत्री शोधत."

"इथे तो छत्री आधीच विसरतो, आणि तो गेल्यावर शेजारी ती परत आणून देतो. तिथे ही रोज रडते आणि तालीम बंद पडते."

नटीने मान हलवली.

"अ‍ॅब्सर्ड नाटकांचा महोत्सव आहे," दिग्दर्शक म्हणाला. "आठ वर्षांनी बोलावलंय आपल्याला. परवा त्यांचा माणूस तालीम बघायला येतोय. त्याला कळलं तर हाकलून देतील. उद्यापर्यंत पहिल्यासारखं करून आणा."

नाटककार गठ्ठा काखोटीला मारून घरी आला. पहिल्यासारखे म्हणजे कसे, हे काही केल्या त्याला आठवेना.

"अगं, हे होतं तसं विस्कटून दे ना."

"ते मला नाही जमायचं. जन्म लावण्यात गेला." ती जरा घुटमळली. "मला वाटलं, माझ्या बाबांवर लिहिलंय तुम्ही. तेही छत्री विसरायचे."

नाटककाराने गठ्ठा उचलला. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतले. दोरीची गाठ सोडू लागला. गाठ दफ्तरखान्याची, ती कसली सुटते. कात्री हवी तर ती कुठे आहे, हे बायकोलाच विचारावे लागणार. शेवटी त्याने गठ्ठा टेबलाच्या मधोमध ठेवला, पंखा पाचवर केला आणि वाट पाहत उभा राहिला.

खिडकीचा पडदा उडाला, कॅलेंडर भिंतीवर आपटले, त्याचे उरलेसुरले केसही उभे राहिले. गठ्ठा जागचा हलला नाही.

मग त्याने पंखा बंद केला, चष्मा शोधला, खुर्ची ओढली आणि आयुष्यात प्रथमच आपले नाटक पहिल्या पानापासून वाचायला घेतले.

तासाभराने दार किलकिले झाले.

"अगं," आतून दबका आवाज आला, "रुमाल कुठे ठेवलेस?"