ओली वाळू

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. तू खुशाल जा, मला कळणारसुद्धा नाही," असं सरांनी बायकोला ऐटीत सांगितलं होतं. मेव्हणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, हाताखाली कुणीतरी हवं होतं. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. त्यामुळे पोकळी या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, पण पुस्तकी.

आठाचे पंधरा झाले, पंधराचा दीड महिना झाला. मेव्हणी चालायला लागली, मग फिरायला लागली, मग दोघी बहिणी मिळून फिरायला लागल्या. "ये आता" एवढे दोनच शब्द होते, पण 'खुशाल जा' म्हणून बसलेल्या माणसाच्या घशातून ते काही वर येईनात.

त्यात गाडीचा आवाज बंद पडला. बायको शेजारी बसली, की दर गतिरोधकावर तिच्या बाजूच्या चाकाकडून 'कट्ट' यायचा आणि ती म्हणायची, "अहो, हे एक दिवस निखळणार बघा." ती गेली आणि तोही गेला. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. सर गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले.

"आवाज येत नाही, ही तक्रार आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"यायचा. हल्ली येत नाही."

"मग बरी झाली की गाडी."

"गाडी म्हणजे सर्दी नव्हे, आपोआप बरी व्हायला."

मिस्त्री स्वतः शेजारी बसला. तो अंगाने अगरबत्ती. गाडीला त्याचा पत्ताही लागला नाही. मग पंक्चरवाल्याला बसवलं. पहिल्याच गतिरोधकावर 'कर्रर्र' झालं आणि मिस्त्रीचा चेहरा फुलला, पण तो आवाज पंक्चरवाल्याच्या कमरेच्या पट्ट्याचा निघाला.

"आवाज यायचा तेव्हा कोण बसायचं?"

"आमची ही."

"मग वहिनींनाच बोलवा."

सरांना बायकोला बोलवायला चक्क शास्त्रीय कारण मिळालं होतं. त्यांनी फोन लावला, घसा खाकरला, आणि ऐन वेळी अवसान गळून तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"अगं, तुझं वजन किती?"

पलीकडून आलं, "कुणाला हवंय?"

"मिस्त्रीला."

"मिस्त्रीला माझं वजन कशाला?"

"सस्पेन्शनसाठी."

"कशावर टांगताय का मला?" मागून मेव्हणीचा आवाज आला, "सांगू नकोस गं, आधी कारण विचार." पण बायको म्हणाली, "अठ्ठावन्न," आणि तिने फोन ठेवला.

भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून अठ्ठावन्न किलो वाळू छोट्या पोत्यांत भरली आणि सीटवर रचली. आवाज नाही.

"सर, वहिनींनी आकडा जरा..."

"काट्यात गडबड आहे," सर म्हणाले.

"काटा बरोबर आहे, सर. वहिनींचं..."

"काट्यात गडबड आहे," सर पुन्हा म्हणाले, शेवटच्या बाकासाठी राखून ठेवलेल्या आवाजात.

मिस्त्री गुपचूप वाळू वाढवत गेला. एकोणसत्तरला 'कट्ट' झालं. सरांनी क्षणभर डोळे मिटले. शेजारून आता "अहो" ऐकू येईल असं त्यांना वाटलं. मिस्त्री एव्हाना गाडीखाली होता. दोन लोखंडी भागांमधलं एक रबरी बुश फाटलं होतं. ठरावीक भार आला की लोखंड लोखंडाला लागत होतं. त्याने ते बदललं, आवाज गेला, आणि तो पोती उतरवायला लागला.

"राहू देत," सर म्हणाले.

पोती राहिली. सीटवर वजन असलं की गाडी पट्ट्यासाठी टुंगटुंग करी, म्हणून सरांनी त्यांना पट्टा लावला. वाळू सांडू नये म्हणून वर बायकोची जुनी शाल गुंडाळली. वळणावर पोती कलंडत, तेव्हा सर हात पुढे करून सावरत. सिग्नलला प्राचार्यांविषयी जे मनात येई ते सांगत. पोती मध्येच बोलत नसत, एवढंच काय ते चुकल्यासारखं वाटे.

हे सगळं वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी बाल्कनीतून पाहिलं आणि कर्तव्य म्हणून सरांच्या बायकोला फोन केला. पाठोपाठ सरांचा फोन वाजला.

"गाडीत कोण असतं हो?"

"कुठे कोण?"

"शाल पांघरून असते म्हणे. तुम्ही हाताने सावरता म्हणे."

"ती होय? वाळू."

"वाळू? हे काय नाव झालं? कुठून आणलीत?"

"मिस्त्रीने दिली."

"मिस्त्रीने?"

फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बायको हजर झाली. हातातली बॅग खाली न ठेवता तिने गाडीचं दार उघडलं, शाल उचलली आणि पोत्यांना लावलेला पट्टा पाहिला.

"एवढी वाळू घेऊन हिंडताय?"

"सीट रिकामी बरी दिसत नाही," सर चाकाकडे बघत म्हणाले.

तिने बॅग ठेवली, वरचं पोतं उचलून पाहिलं, मग खालचं.

"सगळं मिळून किती?"

सरांनी आयुष्यभर दशांश चिन्ह चुकलं म्हणून पोरांचे मार्क कापले होते. ते म्हणाले, "अठ्ठावन्न."

"जड लागतंय."

"वाळू ओली आहे."

तिने पोत्याच्या तोंडातून मूठभर वाळू घेतली. ती बोटांच्या फटींतून भुरभुर गळून गेली. तिने सरांकडे पाहिलं, हात झटकले आणि बॅग उचलली.

"असं. मग वाळू वाळेपर्यंत थांबते मी इथे," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली.

सकाळी वरच्या वहिनी बाल्कनीत आल्या, तेव्हा सर गाडीत अर्धे वाकून झारीने पाणी घालत होते.

"काय सर, गाडीत काही पेरलंय का?"

"हो," सर म्हणाले आणि झारी अजून थोडी कलती केली.