शाडूचं कोल्हापूर

हवामान बदलत गेलं तर कोल्हापूरचं किती नुकसान होईल, याचा हिशेब तरुण इंजिनिअर प्रसेनजीतनं कॉम्प्युटरवर मांडला होता. तो ऐकताना पूर समितीचे अध्यक्ष हिंदुराव दोनदा झोपले, आणि दुसऱ्यांदा तर चक्क घोरले. त्यांचा तरी काय दोष? आदल्याच वर्षी, २००५ साली, महापूर त्यांच्या नदीकाठच्या मेहुण्याच्या घरी पाहुणचार घेऊन गेला होता, आणि इथं पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा!

प्रसेनजीतला एकच गोष्ट हवी होती. समितीतलेच एक सभासद सयाजीराव नदीकाठी, ऐन पूररेषेत, चार मजली इमारत बांधायला निघाले होते. पुढच्या बैठकीत समितीनं परवानगी नाकारून ती थांबवली नाही, तर तिथं राहायला येणाऱ्यांचा संसार पाण्यात जाणार हे उघड होतं. या विचारानं बिचाऱ्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

"अरं, त्या रेघा कुणाच्या बाला कळत्यात?" त्याचे वडील बाबासो म्हणाले. ते एसटीतून नुकतेच रिटायर झालेले. "शहर करून दाव. वरनं पाणी वत. आमच्या गुंडूला सांगतो की."

गुंडू कुंभार बाबासोंचा शाळासोबती. गणपतीची मूर्ती करण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यानं पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये कोल्हापूर उभं केलं. नदी, रंकाळा, भवानी मंडप, गुजरीतली सराफांची दुकानं आणि सयाजीरावांची व्हायची असलेली इमारतसुद्धा. प्रसेनजीत हरखून गेला. हे सगळं कशाचं केलंय, एवढं विचारायचं मात्र त्या शहाण्याला सुचलं नाही.

बैठकीत गुंडूला शेजारी उभं करून प्रसेनजीतनं नदीत तांब्या-तांब्यानं पाणी सोडलं. हिंदुराव टक्क जागे!

"बघा सर, पाणी आधी नदीकाठाला चढतंय," प्रसेनजीत म्हणाला.

तेवढ्यात रंकाळ्याकडची एक गल्ली वाकली. मग गुजरी बसली. भवानी मंडपानं मान टाकली.

"थांबवा की ओ! गुजरी गेली!" हिंदुराव ओरडले.

"सर, तिथं इतकं पाणी येतच नाही..."

"डोळ्यांदेखत जातीया की!"

बघता बघता शहराचा काला झाला. मागच्या खुर्च्यांवरून कुणाच्या तरी तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"गुंडूमामा, हे काय हो?" प्रसेनजीत रडकुंडीला आला.

"शाडू हाय, सायब. एक नंबर! आमची मूर्ती पाण्यात विरघळाय नको व्हय? न्हाईतर नाव जातंय. बुडवायचं हाय, पर विरघळवायचं न्हाई, हे आधी सांगायचं हुतं की!"

आता त्या गढूळ पाण्यात एकच गोष्ट ताठ उभी होती. सयाजीरावांची इमारत.

"आणि ही कशी राहिली?"

गुंडू ओशाळला. "लई उंच हाय. शाडूत तोल ऱ्हाईना. म्हणून तेवढी प्लॅस्टरची केली. चुकलंच माझं."

सयाजीराव छाती काढून उठले. "बघा मंडळी! अख्खं शहर गेलं, पर माझं बांधकाम हललं न्हाई. आन् ह्ये म्हणं पूररेषा!"

"अहो, ती वेगळ्या मटेरियलची आहे!" प्रसेनजीत कळवळून म्हणाला.

"मग? चांगलं मटेरियल वापरलंय की त्यांनी," हिंदुराव म्हणाले, आणि परवानगी देऊन टाकली. सयाजीरावांनी सगळ्यांना चहा सांगितला. प्रसेनजीतलाही दिला.

संध्याकाळी तो घरी आला, तर बाबासो पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारातच उभे.

"तोंड का पाडलंयस? पेढा खा. फ्लॅट बुक करून आलो!"

"कुठं?" प्रसेनजीतनं विचारलं.

"कुठं म्हंजे? सयाजीरावांच्या बिल्डिंगीत! फंडाचं सगळं पैसं भरलं. गावभर एकच बोलणं चाललंय, बाबासोच्या पोरानं पाणी वतून दावलं, तेवढीच टिकती म्हणून. सोताच्या पोराच्या शब्दावर भरवसा ठेवायचा न्हाई, तर कुणाच्या ठेवायचा रं?"

त्यांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

"आन् तळमजल्यावरचाच घेतला बघ. तुझ्या आईला जिना चढवत न्हाई."