साध्या कागदावरची तक्रार

कासार आंबोलीच्या चावडीत सर्कलसाहेब तलाठ्याचं दप्तर तपासायला बसले होते आणि नेमकी तेव्हाच रंभाबाई कोरा कागद घेऊन आली.

"भाऊसाहेब, अर्ज लिवायचाय."

गावातले सगळे अर्ज तलाठी साहेबरावच लिहीत. अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा त्यांना कोण गर्व! "लिहितो की. कुणाकडे?"

"लोकायुक्तांकडं. मुंबईला."

सर्कलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

पेपरातली ती बातमी काल साहेबरावांनीच चावडीत मोठ्यानं वाचून दाखवली होती. लोकायुक्तांच्या कचेरीत बदल होणार, प्रतिज्ञापत्र नको, स्टॅम्प नको, साध्या कागदावर तक्रार चालणार! शिवाय "आता बघा एकेकाची कशी जिरते," असंही म्हणाले होते. नसती उठाठेव!

"तक्रार कुणाविरुद्ध?" सर्कलसाहेबांनीच विचारलं.

"ह्यांच्याच इरुद्ध," साहेबरावांकडे बोट करत रंभाबाई म्हणाली. "लिवा भाऊसाहेब. मालक जाऊन तीन वर्सं झाली, उताऱ्यावर माजं नाव लागंना. इचारलं की म्हंत्यात, परस्ताव वर गेलाय. सोमवारी दीर माज्या रानात नांगर घालनार हाय. नाव न्हाई तर रान तुजं कसं, म्हंतो."

नाही म्हणावं तर साहेबासमोर तक्रार अडवली असं होणार. लिहावं तर आपल्याच हातानं आपलाच गळा! 'गावचे तलाठी हे' इथवर लिहून साहेबरावांचं पेन अडलं.

"थांबलासा का? लिवा, काम करीत न्हाईत. आन मंग वाचून दावा."

"अहो रंभाबाई, कागद सापडतोय का बघू तरी!"

साहेबरावांनी सगळं दप्तर उपसलं. वर गेलेला प्रस्ताव कपाटाच्या तळाशी निघाला, नोटिशीसकट. हरकतीची मुदत कधीच उलटली होती, सर्कलची सही तेवढी राहिली होती. सर्कलसाहेबांनी साहेबरावांकडे एकदा जळजळीत पाहिलं आणि सही ठोकली. साहेबरावांनी उतारा लिहून दिला. रंभाबाईनं तो कपाळाला लावला, घडी करून कनवटीला खोचला आणि निघाली.

सर्कलसाहेबांनी कालचा पेपर उघडला. "साहेबराव, हा नुसता प्रस्ताव आहे हो. मंजूर कुठं झालाय?"

साहेबराव अनवाणीच धावले. "रंभाबाई! कायदा बदललाच नाही अजून! नुसता प्रस्ताव वर गेलाय!"

रंभाबाई वळली.

"ठाव हाय की. परस्ताव वर गेला म्हंजी काय हुतं, ते तीन वर्सं तुमीच शिकवलंय न्हवं? म्हनून तर मुंबईला न्हाई गेले, हितं आले."